भावाच्या नावाची सही केली दलालाने

परदेशातल्या नातेवाइकाचं इन्कम टॅक्स रिटर्न जे इथून भरून देतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या बाबतीत जे झालं ते कुणाच्याही घरी होऊ शकतं.

माझा धाकटा भाऊ अनिवासी आहे. इथल्या एनआरओ खात्यात (अनिवासी माणसाचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं) त्याचं फिक्स डिपॉझिट आहे आणि फ्लॅटचं भाडंही तिथेच जमा होतं. अनिवासी माणसाच्या एनआरओ व्याजावर बँक ३० टक्के आणि वर सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापते. भाडेकरूनेही तसाच कापायचा असतो. २०२३-२४ मध्ये भावाचं इथलं उत्पन्न सात लाखांच्या आत होतं. त्या वर्षीच्या नव्या कररचनेत त्यावर कर बसत होता फार तर २६ हजार, आणि कापले गेले होते दोन लाखांच्या वर. म्हणजे रिटर्न सरळ, खरं भरलं असतं तरी मोठा रिफंड मिळणारच होता. तो त्याचाच पैसा होता.

हे कुणी आम्हाला सांगितलं नाही. ‘टॅक्स कन्सल्टंट’ अशी पाटी लावलेल्या एका माणसाने उलटच सांगितलं: “ताई, एनआरआयचा रिफंड अडकतो. माझ्या ओळखी आहेत, मी काढून देतो. जेवढा येईल त्याचे १५ टक्के.” भावाने मला मुखत्यारपत्र करून दिलं होतं, ते मी पुढे केलं, तर म्हणाला, “त्याची भानगड नको. पॅन, पासपोर्टची कॉपी आणि पासवर्ड द्या, बस.”

रिफंड आला, त्याने टक्केवारी घेतली. पुढे भाऊ आयकर पोर्टल उघडायला गेला तर पासवर्ड चालेना, आणि ओटीपी कुठल्या तरी अनोळखी नंबरावर जायला लागला. शेवटी बँकेच्या नेटबँकिंगमधून तो पोर्टलवर शिरला, तेव्हा सगळं दिसलं. मोबाइल दुसराच, ई-मेल दुसराच. भावाला ‘रहिवासी’ दाखवून आयटीआर-१ भरलेला. अनिवासी व्यक्तीला तो फॉर्म चालतच नाही, त्याला आयटीआर-२ लागतो. रहिवासी दाखवण्यामागचं कारणही उघड होतं: कलम ८७ए ची करसवलत. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ती कर शून्य करत होती, पण फक्त रहिवाशांना. त्या खोट्याने रिफंड थोडा फुगला आणि त्याची टक्केवारीही फुगली. खोटं विधान मात्र माझ्या भावाच्या नावावर राहिलं. उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर दंड बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जातो, आणि तो करदात्याला भरावा लागतो.

सगळ्यात संताप आला तो पुढच्या गोष्टीचा. ऑनलाइन पडताळणी न करता त्याने आयटीआर-व्हीची, म्हणजे करदात्याने सही करायच्या रिटर्नच्या पावतीची, प्रत छापून आयकर खात्याच्या बंगळुरूच्या केंद्राला पोस्टाने पाठवली होती. तिची कॉपी आम्ही हट्टाने मागून घेतली. त्यावर भावाची सही होती, पासपोर्टवरून उतरवलेली. भाऊ तर त्या काळात भारतात आलाच नव्हता.

डिसेंबर उजाडला होता, सुधारित रिटर्नची मुदत ३१ तारखेपर्यंत होती. एका सनदी लेखापालांकडून आयटीआर-२ भरून घेतला आणि जास्तीचे आलेले पैसे खात्याला परत केले. त्या कन्सल्टंटविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे. १५ टक्के अजून परत मिळालेले नाहीत.

जुलै २०२५ मध्ये खोट्या सवलती दाखवणाऱ्या रिटर्नबद्दल आयकर खात्याने पत्रक काढलं. त्यात म्हटलं आहे की असे दलाल कमिशनवर काम करतात, तात्पुरते ई-मेल उघडून ढिगाने रिटर्न भरतात आणि नंतर ते ई-मेल सोडून देतात, त्यामुळे नोटिसा कुणी वाचतच नाही. वाचताना अंगावर काटा आला. आमचीही नोटीस अशीच कुठे तरी पडून राहिली असती.

आता सहीबद्दल. करदाता भारताबाहेर असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४० ने दोन वाटा दिल्या होत्या: त्याने स्वतः पडताळणी करावी, किंवा ज्याच्याकडे वैध मुखत्यारपत्र आहे त्याने. दुसऱ्या वाटेने गेलात तर सही आपल्या स्वतःच्या नावाने, मुखत्यार म्हणून करायची. नातेवाइकाची सही उतरवायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पोर्टलवर करदात्याने स्वतः लॉगिन करून आपल्याला अधिकृत करायचं असतं आणि मुखत्यारपत्र जोडायचं असतं. ते परदेशात केलेलं असेल तर भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्या.

पासवर्ड कुणालाच देऊ नका. रिटर्न भरून झालं की मोबाइल, ई-मेल आणि निवासी स्थिती या तीन गोष्टी परदेशातल्या माणसाला स्वतः उघडून बघायला लावा. आणि कुणी रिफंडची टक्केवारी मागितली, तर तिथूनच उठून या. मेहनताना कामाचा ठरतो, आणि कर किती कापला गेला ते पोर्टलवरच्या नोंदीत दिसतं, त्यावरून रिफंड किती येणार याचा अंदाज आधीच येतो.