टॅम्पाचं कोलंबिया की मायामीचं व्हर्साय?

फ्लोरिडात क्युबन जेवण म्हटलं की दोन जुन्या रेस्टॉरंटांची नावं पुढे येतात. डिस्नीसाठी ऑर्लँडोत उतरलेल्या मंडळींकडे एखादाच मोकळा दिवस असतो. तेवढाच असेल तर निवडीचा घोळ घालू नका, टॅम्पाला जा. अंतर साधारण १३५ किलोमीटर. मायामी ३८०च्या आसपास, म्हणजे दिवस गाडीतच जाणार. दोन्ही शहरं वाटेवर असतील, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

वयाचा मान कोलंबियाचा. टॅम्पाची ईबोर सिटी वस्तीच मुळी सिगार कारखान्यांभोवती वाढली. क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलियन कामगार ओळीने बसून सिगार वळत आणि त्यांनीच पदरमोड करून ठेवलेला वाचक उंचावर बसून त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवी. क्युबातून आलेल्या कासिमिरो हर्नांडेझ यांनी १९०५ साली या कामगारांसाठी कोपऱ्यावर सँडविच-कॉफीचं छोटं दुकान काढलं. आज त्याच जागी १५ दालनं आणि १७०० जणांची बसायची सोय आहे. रंगीत फरशा, कारंजं, आठवड्यातले बहुतेक दिवस रात्री फ्लामेंको नृत्य (त्याचे पैसे वेगळे). शाखा इतरत्रही आहेत, पण इतिहास हवा असेल तर ईबोरचंच गाठा. माझ्या मते दुपारी जावं: जेवण निवांत होतं आणि वास्तू उजेडात नीट पाहता येते.

व्हर्सायचा जन्म १९७१चा. फेलिपे वाल्स क्युबातल्या क्रांतीनंतर मायामीत आले आणि लिटल हवाना या क्युबन वस्तीतल्या आठव्या रस्त्यावर त्यांनी हे रेस्टॉरंट काढलं. आत आरसे आणि झुंबरं, पण खरी गंमत बाहेरच्या कॉफीच्या खिडकीपाशी. तिथे निर्वासितांच्या दोन-तीन पिढ्या उभ्याने राजकारणावर तावातावाने बोलत असतात. निवडणूक आली की उमेदवार इथे कॉफी प्यायला हमखास येतात. नोव्हेंबर २०१६मध्ये त्या क्रांतीचे नेते फिडेल कॅस्ट्रो गेल्याची बातमी आली, तेव्हा लोक जल्लोष करायला इथेच जमले. पन्नास-पंचावन्न वर्षं म्हणजे फार जुनं नव्हे, हे खरं. पण कोलंबियात इतिहास जपून मांडलेला दिसतो, इथे तो अजून भांडतोय.

जेवणात माझं मत व्हर्सायला. घरगुती क्युबन पदार्थ, भरपूर वाढप, खिशालाही हलकं. कोलंबियाचा कल स्पॅनिश पद्धतीकडे जास्त. तिथलं टेबलाशेजारी कालवून देतात ते ‘१९०५ सॅलड’ प्रसिद्ध आहे. सँडविचवरून मात्र दोन शहरांत जुनं वैर. भाजलेलं डुकराचं मांस, हॅम, स्विस चीज, लोणच्यातली काकडी आणि मोहरीचा सॉस दोन्हीकडे. टॅम्पावाले त्यात सलामी घालतात, सिसिलियन शेजाऱ्यांची देणगी म्हणून. मायामीत सलामीचं नाव काढू नका. मला सलामीवालं आवडतं, त्यामुळे या एका बाबतीत टॅम्पा पुढे.

आता आपल्याकडच्यांची अडचण. ‘रोपा व्हिएहा’ हा सगळ्यांत नावाजलेला पदार्थ गोमांसाचा असतो. चालत नसेल तर ‘आरोझ कोन पोयो’, म्हणजे केशरी-पिवळा चिकन-भात, मागवा. मुलांनाही तो रुचतो. शाकाहाऱ्यांनी काळ्या घेवड्याची उसळ, पांढरा भात, पिकल्या केळ्याचे गोडसर तळलेले काप आणि लसूण-लिंबाचा रस घातलेला उकडलेला कसावा (साबुदाण्याचा कंद) यांवर जेवावं. पोट छान भरतं. फक्त उसळीत हॅम आहे का, हे दर वेळी विचारा. पारंपरिक क्युबन पावाच्या पिठात डुकराची चरबी घालतात, तेव्हा टेबलावर आधीच आणून ठेवलेला पावही विचारूनच तोडा. ‘१९०५ सॅलड’मध्येही हॅम असतं, ते वगळून आणा, असं ऑर्डर देतानाच सांगायचं.

कॉफीसाठी व्हर्सायची खिडकीच. ‘कोलाडा’ मागितलात तर मोठ्या पेल्यातली साखर फेटलेली कडक कॉफी आणि सोबत इवलेसे रिकामे कप मिळतात. ती चौघांत वाटून प्यायची असते. एकट्याने संपवलीत तर रात्री झोप विसरा.