गल्ल्यावर काय हवं: क्यूआर की कार्डाचं मशीन?
किराणा दुकानाला क्यूआर पुरे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयने आलेल्या पैशांवर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे स्वीकारल्याबद्दल दुकानदाराकडून कापली जाणारी फी) शून्य, त्यामुळे दहाची कोथिंबीरही परवडते. क्रेडिट कार्डावर मात्र बँक साधारण दीड-दोन टक्के कापते, वर मशीनचं भाडं. १०,००० ची पैठणी विकली की दोन टक्क्यांनी २०० गेले. मग ‘कार्डाला २% जादा’ अशी पाटी लागते. ती बँकेशी केलेल्या करारात सहसा बसत नाही. डेबिट कार्डावर असं जादा घ्यायला तर रिझर्व्ह बँकेचीच मनाई आहे. (पाटी काढून तोंडी मागणारेही आहेतच.) तरी साड्यांच्या दुकानात मशीन हवंच. हप्त्यांवर घेणारं गिऱ्हाईक नुसता क्यूआर बघून घडी केलेली साडी तिथेच ठेवून जातं.