गोचिडांवरची बारा आठवड्यांची गोळी : कुळागरातल्या घरातून एका वर्षाचा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आमच्या कुत्र्याच्या, शेरूच्या, नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा कुळागरात, म्हणजे घराजवळच्या सुपारी-नारळाच्या बागेत, त्याला काहीतरी लागले असावे, असेच आम्हांला वाटले. पशुवैद्यांनी रक्त तपासले. प्लेटलेट्स फार खाली गेल्या होत्या आणि निदान झाले एर्लिकियाचे, म्हणजे गोचिडांमुळे होणाऱ्या तापाचे. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक घेऊन तो बरा झाला. मात्र त्याच दिवसांत माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या उशीवर एक गोचीड सापडला आणि शेरूला बाल्कांवातून, म्हणजे घरापुढच्या ओसरीतून, हलवून कायमचे गोठ्यात बांधावे, असे सासूबाईंनी ठरवले. सासरे तर त्याच्याशिवाय कुळागरात पाऊल टाकत नाहीत. दोघांचेही म्हणणे मला पटत होते, आणि त्यामुळेच ते दिवस फार जड गेले. अखेर डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही ब्रॅव्हेक्टो ही चघळायची गोळी सुरू केली. चार गोळ्या देऊन झाल्यावर, म्हणजे जवळजवळ एक वर्ष उलटल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

याआधी आम्ही इतर उपाय केले नव्हते असे नाही. गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या बहुतेक घरांप्रमाणे आम्हीही अमित्राझचे औषध पाण्यात मिसळून शेरूला आंघोळ घालत होतो आणि ते काम सासऱ्यांकडे असे. त्यांना मधुमेह आहे. अमित्राझमुळे रक्तातली साखर वाढू शकते आणि मधुमेह असलेल्यांनी ते हाताळू नये, हे आम्हांला डॉक्टरांनी सांगेपर्यंत ठाऊकच नव्हते. मानेवर सोडायच्या थेंबांचाही विचार केला होता, पण त्यांपैकी अनेकांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. ते कुत्र्याला चालते, मांजराला मात्र जीवघेणे ठरू शकते, आणि आमची मनी रोज शेरूच्या कुशीत झोपते. औषधी पट्टा मला नको होता, कारण मुलगी दिवसातून दहा वेळा त्याच्या गळ्यात हात टाकते. औषध अंगावर न राहता पोटात जाते, हा या गोळीचा गुण आमच्यासारख्या भरल्या घरात सर्वांत महत्त्वाचा ठरला.

गोळीतले द्रव्य फ्लुरालॅनर. ते कुत्र्याच्या रक्तात मिसळते आणि रक्त पिणाऱ्या गोचिडाच्या मज्जासंस्थेवर आघात करते. म्हणजे गोचीड आधी चावतो आणि मग मरतो. त्याला साधारण बारा तास लागतात. ज्यांना एकही गोचीड अंगावर दिसू नये अशी अपेक्षा आहे, त्यांची पहिल्या काही आठवड्यांत निराशा होईल. आमचीही झाली. चावल्यापासून मरेपर्यंतच्या त्या अवधीत रोगाची लागण होण्याची शक्यता काही प्रमाणात उरतेच, म्हणून संध्याकाळी कान, काख आणि पायाच्या बोटांमधली जागा चाचपून पाहण्याची सवय आम्ही सोडलेली नाही.

खरा फरक दिसला तो तिसऱ्या महिन्यात, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कुत्र्यांवर नेहमी आढळणारा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि प्रत्येक वेळी अंगावरून गळून घरातल्याच फटींत दडतो. एक मादी हजारोंच्या संख्येने अंडी घालते. आमचे घर चिऱ्यांचे आहे आणि बाल्कांवाच्या भिंतीला गिलावा नाही, त्यामुळे दोन चिऱ्यांमधल्या प्रत्येक सांध्यात त्यांना आयते बिऱ्हाड मिळाले होते. गोळी भिंतीतल्या गोचिडांना मारत नाही. पण भुकेने बाहेर येऊन शेरूला चावणारी प्रत्येक मादी अंडी घालण्याआधीच मरत राहिली, तर घरातली पैदास हळूहळू आटते. यासाठी बारा आठवड्यांचा क्रम तुटता कामा नये. आम्ही सांधे सिमेंटने भरून घेतले आणि शेरूचे गोणपाट दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढले. या मेहनतीशिवाय नुसत्या गोळीने इतका परिणाम दिसला असता, असे मला वाटत नाही.

वजनाची बाब मी मुद्दाम सविस्तर लिहीत आहे. ही गोळी वजनाच्या गटांनुसार मिळते : दहा ते वीस किलोंचा एक गट आणि वीस ते चाळीस किलोंचा दुसरा. पहिल्या खेपेस एका दुकानात वजन न विचारता, केवळ ‘मध्यम कुत्रा’ एवढ्यावर आमच्या हातात लहान गटाचा डबा ठेवला गेला. घरी येऊन यजमान शेरूला उचलून वजनकाट्यावर उभे राहिले, मग एकटे उभे राहिले, आणि वजाबाकी केली तेव्हा शेरू एकवीस किलोंचा निघाला. डबा बदलून आणावा लागला. गोळी मोडून द्यायची नसते, त्यामुळे अंदाजाला इथे जागा नाही. ती जेवणासोबत दिली तर अंगी नीट लागते. शेरू ती पेज आणि माशाबरोबर विनातक्रार खातो. पहिल्या वेळी त्याला एकदा उलटी झाली, नंतर त्रास झाला नाही.

फिट येणाऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. फ्लुरालॅनरच्या वर्गातल्या औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. शेजारच्या घरातल्या कुत्रीला पूर्वी फिट आली होती, म्हणून आमचे पाहून त्यांनी ही गोळी आणू नये, असे मी स्वतः जाऊन सांगितले.

गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळल्यामुळे गोचीड म्हटले की आपल्याकडे लोक घाबरतात, आणि सासूबाईंच्या मनातही तीच भीती होती. तो ताप मुख्यतः जंगलातल्या वेगळ्या जातीच्या गोचिडांमुळे पसरतो, शेरूच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडांमुळे नव्हे; हे डॉक्टरांनी त्यांना शांतपणे समजावले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

किंमत साध्या पावडरीच्या अनेक पट आहे आणि ती प्रत्येकाला परवडेल असे मी म्हणणार नाही. आमच्या बाबतीत शेरूच्या त्या एका आजारपणाचा खर्च चारही गोळ्यांहून अधिक झाला होता. पहिली गोळी मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) सुमारास, दुसरी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास, तिसरी जत्रांच्या दिवसांत आणि चौथी शिगम्याआधी (होळीच्या सणाआधी), असा आमचा क्रम बसला आहे. त्या तारखा दिनदर्शिकेवर आता सासूबाईच लिहून ठेवतात, आणि शेरूचे गोणपाट पुन्हा बाल्कांवात, सासऱ्यांच्या खुर्चीजवळ आहे.