कोरल की इंकस्केप? लेझरवर मराठी नेमप्लेट करायची असेल तर
पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीवाल्यांकडे बघा, बहुतेक सगळं कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, त्यामुळे कस्टमरची फाईल सीडीआरमध्येच, म्हणजे कोरलच्या फाईल प्रकारातच येते आणि श्रीलिपीचा (युनिकोड नसलेले जुने मराठी फॉन्ट) जुना मजकूरही तिथे नीट उघडतो, हा कोरलचा खरा फायदा, पण पैसे मोजावे लागतात. इंकस्केप हे तसंच सॉफ्टवेअर, पण फुकट आहे, लेझरला लागणाऱ्या एसव्हीजी, डीएक्सएफ फाईली देतं, युनिकोड मराठी छान दिसतं. मात्र दोन्हीकडे एक काम विसरूच नका, मजकूर कर्व्ह किंवा पाथ (म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या कडेच्या रेषा) केल्यावर अक्षरं जोडायची, कोरलमध्ये वेल्ड, इंकस्केपमध्ये युनियन, नाहीतर शिरोरेषा जिथे एकमेकींवर येतात तिथे लेझर आडवातिडवा कापतो आणि अख्खा ॲक्रिलिक वाया. नवीन धंदा असेल तर माझं मत इंकस्केपच.