‘अर्ली ऑटम’: सहा महिन्यांत तीन वाचनांनंतर

रॉबर्ट बी. पार्करची ‘अर्ली ऑटम’ (१९८१) ही कादंबरी एका बैठकीत संपते, आणि तिथेच वाचक फसतो. पानं जेमतेम सव्वादोनशे, प्रकरणं आटोपशीर, मजकुराचा मोठा भाग संवादांचा. पहिल्या वाचनात लक्ष जातं ते बॉस्टनच्या खासगी गुप्तहेर स्पेन्सरकडे, त्याच्या तिरकस बोलण्याकडे आणि हौसेच्या स्वयंपाकाकडे. पंधरा वर्षांच्या पॉलचं काय चाललंय ते दुसऱ्या वाचनात दिसतं. आणि त्याची किंमत कोण मोजतंय, ते तिसऱ्या.

कोडं सोडवायला म्हणून हे पुस्तक घेऊ नका, हाती काही लागणार नाही. घटस्फोटित आईबाप पोरावरून भांडतात, पण पोरगा दोघांनाही नकोय. दुसऱ्याला मिळू नये एवढंच हवंय. बापाने नेलेला मुलगा आईकडे परत आणण्याचं काम स्पेन्सर सहज उरकतो आणि खरी कादंबरी त्यानंतर सुरू होते. पॉल टीव्हीसमोर बसून असतो. काहीही विचारा, खांदे उडवतो. त्याला कुणी मारलेलं नाही, उपाशी ठेवलेलं नाही. कुणी काही शिकवलेलंच नाही. खातंपितं घर असूनही होणारी आबाळ इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी टिपली असेल.

पुढे स्पेन्सर पॉलला अमेरिकेतल्याच मेन राज्यात एका तळ्याकाठी घेऊन जातो; तो भाग पेन्सिल घेऊन वाचावा. आधी धावणं, वजनं उचलणं, बॉक्सिंग; त्याच्या जोडीला सुतारकाम, म्हणजे दोघांनी मिळून एक लाकडी घर उभं करणं; नृत्य शिकायचंय हे पॉल बोलून दाखवतो ते त्यानंतर. या क्रमामागे विचार आहे. काल झेपलं नाही ते वजन आज उचललं गेलं, हे पोराला स्वतःच कळतं; कुणाच्या शाबासकीची गरज पडत नाही. घरबांधणीत फळी वाकडी बसली तर ती काढून पुन्हा ठोकता येते, चूक झाली म्हणून कुणी घराबाहेर काढत नाही. स्वतःची आवड सांगण्याइतका जोर त्यातून येतो. आणि आवड बॅलेची निघाल्यावर स्पेन्सर नाक मुरडत नाही. बॉक्सर राहिलेल्या माणसाने आपलं प्रतिबिंब पोरावर लादायचं टाळलंय, हे पुस्तकातलं सर्वांत चांगलं काम.

मुलांबरोबर काम करणारे बरेच जण ही पानं पाककृतीसारखी वापरायला जातात आणि तिथे गाडी अडते. ‘जिम लावा, पोरगं सुधारेल’ एवढाच अर्थ उरतो. कादंबरीत स्पेन्सर प्रत्येक गोष्ट पोराच्या बरोबरीने करतो. नुसती फी भरून मोकळा होत नाही. शिवाय तो दिवसभर हजर असतो. आठवड्याला एक तास देणाऱ्या स्वयंसेवकाने एकच गोष्ट निवडावी, ज्यात दर खेपेला काहीतरी मोजता येईल अशी, आणि बाकी सोडून द्यावं. मुलाला परस्पर घराबाहेर घेऊन जाण्याचा प्रकार तर कादंबरीतच राहू द्या. आपल्याकडे अशा मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, बालकल्याण समिती आहे.

आता नैतिक हिशेब. पॉलला आईबापांपासून सोडवायला स्पेन्सर कोर्टात जात नाही. दोघांची गुपितं खणून त्यांना अडकवतो. बापाचं गुपित जाळपोळ करून विम्याचे पैसे लाटण्याचं, म्हणजे सरळ गुन्हा. आईचं गुपित तिच्या खासगी संबंधांचं. दोन्ही एकाच तागडीत टाकणं मला शेवटपर्यंत पटलं नाही, आणि लेखकाला तो फरक फारसा खुपलेला दिसत नाही. त्याहून जड प्रसंग गुंड हॅरी कॉटनचा. तो जिवंत राहिला तर पुन्हा उलटणार, हे स्पेन्सरला ठाऊक आहे. तरी थंड डोक्याने मारणं त्याच्याच्याने होत नाही. गोळी त्याचा मित्र हॉक घालतो. स्पेन्सरचे हात स्वच्छ राहतात ते मित्राने स्वतःचे माखून घेतले म्हणून. पार्करने इथे उपदेश केलेला नाही. शिकवणाऱ्याचं तत्त्व आणि त्याचं बिल शेजारी शेजारी ठेवलंय.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. स्पेन्सर स्वावलंबनावर बोलू लागला की थांबत नाही. पॉलच्या आईला, पॅटीला, लेखकाने एकही उजवी बाजू दिलेली नाही. स्पेन्सरची प्रेयसी सुझन सिल्वरमन शाळेत समुपदेशक आहे, पौगंडावस्थेतल्या मुलांविषयी कथेत सर्वांत जास्त कळतं ते तिला. पण तिची नाराजी मुख्यतः आपला वेळ पोराने खाल्ला यावर घसरते. ती व्यावसायिक हरकत घेऊन उभी राहिली असती तर स्पेन्सरला उत्तर देताना घाम फुटला असता.

एकटं हे पुस्तक वाचलं तर स्पेन्सर फार यशस्वी वाटतो. म्हणून आधी स्पेन्सर मालिकेतलंच ‘गॉड सेव्ह द चाइल्ड’ (१९७४) घ्यावं: घरात दुर्लक्षित मुलगा तिथेही आहे, पण त्याला जीव लावणारा माणूस चुकीच्या धंद्यातला. ‘अर्ली ऑटम’नंतर लगेच ‘सेरेमनी’ (१९८२). त्यातल्या एप्रिल काइल या मुलीला स्पेन्सर शेवटी एका उंची कुंटणखान्याच्या मालकिणीकडे सोपवतो, कारण समोरचे बाकीचे रस्ते त्याला त्याहून वाईट दिसतात. पॉलच्या वेळी चाललेली युक्ती तिथे चालत नाही. पॉल पुढे कसा निघाला ते ‘पास्टाइम’मध्ये (१९९१) आहे: मोठा झालेला पॉल बेपत्ता आईला शोधायला स्पेन्सरकडेच येतो.