विपश्यनेच्या दहा दिवसांचे लेखापरीक्षण

ज्यांचे मन मुळातच शांत आहे अशा माणसांनी केलेले ध्यानाचे कौतुक मला कधीच उपयोगी पडले नाही, म्हणून आधी माझी स्थिती सांगते. मी सत्तेचाळीस वर्षांची, लेखापरीक्षणाच्या सरकारी नोकरीत चोवीस वर्षे काढलेली बाई आहे. गॅस बंद केला की नाही हे पाहायला मी जिन्यावरून दोनदा परत येते, बातम्या ऐकताना भाजी निवडते आणि भाजी निवडताना उद्याच्या आक्षेपांची भाषा मनात जुळवते. रात्री अडीचला जाग आली, तर २०११ साली एका तपासणीत नजरेतून सुटलेली पाच हजारांची नोंद आठवते आणि मग पहाट होईपर्यंत तिचा पाठपुरावा चालतो. यापूर्वी मी ध्यानाचे एक अॅप वर्षभराची वर्गणी भरून वापरले. त्यातला मंजुळ आवाज चालू असेपर्यंत बरे वाटे आणि आवाज थांबला की मन पुन्हा आपल्या कामाला लागे. या पार्श्वभूमीवर गेल्या दिवाळीनंतर मी विपश्यनेचे दहा दिवसांचे निवासी शिबिर केले. त्याला आता आठ महिने झाले असल्यामुळे, परत आल्यावरचा पहिला उत्साह ओसरल्यानंतरचे हे परीक्षण आहे.

मी महाराष्ट्रातील कोणत्या केंद्रात बसले ते मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या जागेच्या आहेत, विद्येच्या नाहीत. शिवाय अभ्यासक्रम सगळीकडे एकच असतो. या शिबिरांचे मूळ आचार्य सत्यनारायण गोएंका यांचे २०१३ साली निधन झाले. तरीही आजही प्रत्येक शिबिरात सूचना त्यांच्याच ध्वनिमुद्रित आवाजात मिळतात, संध्याकाळचे प्रवचन त्यांच्याच चित्रफितीवर होते, आणि समोर बसलेले सहायक आचार्य फक्त देखरेख व शंकानिरसन करतात. गोएंका ब्रह्मदेशातील मंडालेत जन्मलेले व्यापारी. असह्य डोकेदुखीवर उपाय शोधताना १९५५ साली ते ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोहोचले, चौदा वर्षे तिथे शिकले आणि १९६९ साली भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ साली सुरू झाले. हे ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, संसारी होते आणि कचेरी सांभाळून ध्यान शिकवत असत, हे वाचल्यावर माझा अर्धा संकोच गेला. हिशेबाच्या माणसाला ही विद्या वर्ज्य नाही, एवढे तरी सिद्ध झाले होते.

नोंदणी ऑनलाइन होते आणि अर्जात शारीरिक आजार, मानसिक आजार व चालू औषधे यांविषयी सविस्तर विचारणा असते. मला प्रतीक्षा यादीतून जागा मिळाल्याचा निरोप शिबिराच्या चार दिवस आधी आला, त्यामुळे रजेची धावपळ झाली. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना या शिबिरासाठी परावर्तित रजा मिळू शकते, परंतु अर्ज वेळेत गेला तर. शिबिर दहा दिवसांचे म्हटले तरी आदल्या संध्याकाळी हजर व्हावे लागते आणि सुटका अकराव्या दिवशी सकाळी होते, म्हणजे प्रत्यक्षात बारा तारखा खर्ची पडतात.

शुल्क मात्र एक रुपयाही नाही. राहण्याचे नाही, जेवणाचेही नाही. शिबिर पूर्ण केल्यावर इच्छा असेल तर दान देता येते आणि ज्याने किमान एक शिबिर पूर्ण केलेले नाही त्याच्याकडून दान घेतले जात नाही. याचा अर्थ माझ्या ताटातली खिचडी माझ्या आधी बसून गेलेल्या कोणा अनोळखी साधकाच्या पैशांची होती. चोवीस वर्षांत मी अनेक संस्थांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहिल्या आहेत. इतका साधा आणि तरीही टिकलेला आर्थिक पाया क्वचितच पाहिला. शेवटच्या दिवशी मी दिलेल्या रकमेची पावती मिळाली आणि कोणीही आकडा सुचवला नाही.

पहिल्या संध्याकाळी मोबाइल, वही, पेन, पुस्तके जमा होतात आणि आर्यमौन सुरू होते, ते दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत. बोलायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, शेजारणीकडे बघून हसायचेही नाही. पहाटे चारला घंटा, साडेचारला आसनावर, रात्री साडेनऊला दिवे बंद. मी वेळापत्रकाची बेरीज केली: ध्यानाचे एकूण पावणेअकरा तास, त्यांपैकी तीन तास सामूहिक साधनेचे. दुपारचे जेवण अकराला. त्यानंतर नव्या साधकांना पाचला चहा, चुरमुरे आणि एखादे फळ, तर जुन्या, म्हणजे आधी एखादे शिबिर पूर्ण केलेल्या, साधकांना फक्त लिंबूपाणी. जेवण साधे आणि चांगले होते. भुकेचा त्रास मला झाला नाही. त्रास झाला तो वाचायला काहीच नसण्याचा. तिसऱ्या दिवशी मी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला आणि त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या.

आता मुख्य विषयाकडे येते, म्हणजे या अभ्यासक्रमात अस्वस्थ मनाचे नेमके काय केले जाते. पहिले तीन दिवस आनापान असते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणे. हा प्राणायाम नव्हे. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कोणतेही नाम जोडायचे नाही. नाम जोडले तर मन लवकर स्थिर होईल हे प्रवचनात मान्य केले जाते, परंतु येथे हेतू मनाला गुंगवण्याचा नसून शरीरात प्रत्यक्ष घडते ते पाहण्याचा आहे, म्हणून ती कुबडी काढून घेतली जाते. लक्ष ठेवण्याची जागाही क्रमाने लहान होत जाते: आधी नाक आणि वरच्या ओठापर्यंतचा त्रिकोण, आणि तिसऱ्या दिवशी फक्त नाकपुड्यांखालची, ओठावरची इवलीशी जागा. क्षेत्र जितके लहान तितके मन सूक्ष्म, असा त्यामागचा तर्क आहे.

पहिल्या दिवशी मला सलग चार श्वासही पाहता आले नाहीत. पाचव्या श्वासाला मी नणंदेशी २०१६ साली अर्धवट राहिलेले भांडण पूर्ण करत असे, आणि ते मी दर वेळी जिंकत असे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी भरली. सहायक आचार्यांना भेटून माझे मन या कामाला लायक नाही असे सांगितले, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, “मन पळाले हे तुम्हाला कळते का?” मी म्हटले, कळते, पण दहा मिनिटांनी. “मग दहा मिनिटांनी परत आणा. उद्या कदाचित नऊ मिनिटांनी कळेल.” यापलीकडे त्यांनी काही सांगितले नाही. मला त्या क्षणी हे उत्तर सरकारी छापाचे वाटले, पण पिशवी रिकामी करण्यास ते पुरेसे ठरले. त्यानंतर मी स्थिर राहिलेले श्वास मोजण्याऐवजी परत आलेल्या फेऱ्यांकडे पाहू लागले, आणि अॅपच्या वर्षभरात जे कोणी सांगितले नव्हते ते लक्षात आले की परत येणे हाच अभ्यास आहे. मन न पळणारा माणूस यात शिकणार तरी काय?

चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि येथे माझ्या दृष्टीने या शिबिराचे खरे मोल सुरू होते. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटांपर्यंत एकेका भागातून लक्ष फिरवायचे आणि जी संवेदना असेल, उष्णता, खाज, मुंग्या, जडपणा, ठणका, ती तशीच जाणायची. सुखद असेल तर धरायची नाही, दुःखद असेल तर ढकलायची नाही. त्यानंतर सामूहिक साधनेचे तास अधिष्ठानाचे होतात, म्हणजे तासभर डोळे, हात आणि पाय न हलवण्याचा निश्चय करून बसायचे. माझा पहिला निश्चय बावीस मिनिटे टिकला असावा. घड्याळ नव्हते, पण धम्मसेविकेच्या, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या साधिकेच्या, खोकल्यांवरून मी अंदाज बांधला होता.

सहाव्या दिवशी दुपारी, तिसऱ्या की चौथ्या फेरीत, एक गोष्ट दिसली. उठून जावे असा विचार येण्यापूर्वी डाव्या पोटरीत ऊब येत होती, मग छातीच्या मध्यभागी काही आवळले जात होते, आणि त्यानंतर “गॅस बंद केला होता का” हा विचार येत होता. आजवर माझी समजूत अशी होती की विचारांमुळे मी अस्वस्थ होते. येथे क्रम उलटा दिसला. अस्वस्थता आधी शरीरात उमटत होती आणि मन तिच्यासाठी एखादे कारण शोधून आणत होते. गॅस, नणंद, पाच हजारांची नोंद, जे हाताशी असेल ते. हे सर्वांच्या बाबतीत खरे असेल असा माझा दावा नाही, परंतु माझ्या बाबतीत त्या दुपारी ते पाच-सहा वेळा पडताळून पाहिले आणि दर वेळी क्रम तोच आला. विचारांशी वाद घालणे मला कधी जमले नव्हते; पोटरीतल्या उबेकडे पाहत बसणे मात्र जमले, आणि काही वेळाने ती ऊब आपोआप विरत असे. चंचल मनाला शांत व्हायला सांगण्याऐवजी त्याला शरीरात पाहण्याजोगे ठोस काम देणे ही या पद्धतीची ताकद आहे, आणि माझ्यासारख्यांना ती मानवेल ती याच कारणाने.

आता आक्षेप. पहिला आक्षेप प्रवचनांवर आहे. गोएंका उत्तम कथेकरी आहेत आणि दिवसभराच्या मौनानंतर रात्रीची ती सव्वा तासाची हिंदी हवीहवीशी वाटते. परंतु ही विद्या संप्रदायापलीकडची आणि निव्वळ वैज्ञानिक आहे असे आग्रहाने सांगत असतानाच पूर्वजन्मांच्या संस्कारांविषयी ठाम विधाने येतात, ज्यांना माझ्या भाषेत सांगायचे तर कोणतेही प्रमाणक जोडलेले नाही. सुरुवातीला त्रिरत्नांना, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना, शरण जाण्याचा विधी असतो आणि रोज पालीतील पठण असते. मला त्याची अडचण झाली नाही, उलट पहाटेचा तो खर्जातला आवाज आवडू लागला. परंतु यात धार्मिक काहीच नाही अशा समजुतीने येणाऱ्याला आधी माहीत असावे. तसेच शिबिरकाळात जप, पूजा, योगासने हे सर्व थांबवावे लागते.

दुसरा आक्षेप त्या केंद्राच्या व्यवस्थेवर आहे. नोव्हेंबरच्या थंडीत एक पातळ पांघरूण अपुरे होते, गरम पाण्याची वेळ आणि ध्यानाची वेळ एकमेकींवर येत होती, आणि खोलीतली माझी सोबतीण इतकी घोरत असे की मैत्रीभावनेची, म्हणजे सर्वांचे भले चिंतण्याची, माझी परीक्षा ती शिकवतात त्या दहाव्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच रात्री सुरू झाली. दुपारच्या भेटीत आचार्यांकडे प्रत्येकीला जेमतेम पाच मिनिटे मिळत. गुडघेदुखी असलेल्यांना खुर्ची मिळते, पण ती मागावी लागते. मी संकोचाने मागितली नाही आणि सातव्या दिवसापर्यंत उगाच सहन केले.

तिसरा मुद्दा गंभीर आहे. सातव्या रात्री मला जवळजवळ झोप लागली नाही आणि जुन्या गोष्टी पुरासारख्या वर आल्या. माझे ते दुसऱ्या दिवशी निवळले. परंतु दीर्घ आणि कडक ध्यानशिबिरांत काही व्यक्तींना तीव्र घबराट, निद्रानाश किंवा त्याहून गंभीर मानसिक त्रास झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अर्जातील मानसिक आजाराचा रकाना खरा भरावा, औषध चालू असेल तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि औषध परस्पर बंद करून तर मुळीच जाऊ नये. अस्वस्थ स्वभाव आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे शिबिर पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यावरचा उपचार नव्हे.

दहाव्या दिवशी मंगल मैत्रीच्या, म्हणजे त्याच मैत्रीभावनेच्या, साधनेनंतर मौन सुटले आणि सगळ्या जणी एकाच वेळी बोलू लागल्या. सोबतीणीने पहिले वाक्य उच्चारले ते असे: “तुम्ही झोपेत आकडे बोलता हो.”

घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसावे असा आग्रह असतो. स्वयंपाक, नोकरी आणि सासूबाईंची औषधे सांभाळणाऱ्या बाईला हा हिशेब जमत नाही, निदान मला जमला नाही. सकाळी चाळीस मिनिटे बसते, संध्याकाळ आठवड्यातून दोनदा साधते. जिन्यावरून परत येणे दोनदाचे एकदा झाले आहे. अडीचची जाग अजून येते, पण आता मी त्या नोंदीचा पाठपुरावा करण्याऐवजी छाती कुठे आवळली आहे ते पाहते आणि बहुधा पहाटेपूर्वी झोप लागते. आठवडाभराच्या विश्रांतीची किंवा प्रसन्न वातावरणाची अपेक्षा असणाऱ्यांनी तेवढ्याच पैशांत माथेरानला जावे. म्हणजे थोडे पैसे जास्त लागतील, कारण येथे लागतच नाहीत.

पुढच्या हिवाळ्यातील शिबिरासाठी मी अर्ज भरला आहे. या वेळी खुर्चीची मागणी अर्जातच लिहिली असून पिशवीत घरची गोधडी आणि कानांत घालायला कापूस ठेवला आहे. शिवाय एक कापसाचे पुडके जास्तीचे घेतले आहे, जी कोणी सोबतीण मिळेल तिच्यासाठी.