फोम रोलर, भरतीच्या ग्राउंडसाठी: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

पोलीस भरतीची तयारी करतेय. आम्हा मुलींना मैदानी चाचणीत 800 मीटरला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. यात पाय सगळ्यात जास्त आखडतात ते 100 मीटरने. 800 ला दम निघतो पण दुसऱ्या दिवशी चालता येतं, फुल स्पीडच्या स्प्रिंट मारल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर फोम रोलर (आखडलेल्या स्नायूखाली ठेवून, वर वजन देऊन सरकायचा फोमचा गोल लोड) मागवला, हजाराच्या आतला, उंचवटे असलेला, आतून पोकळ.

पोटऱ्यांसाठी एकदम वसूल. खाली बसायचं, हात मागे टेकवायचे, पोटरी रोलरवर, दुसरा पाय त्यावर टाकायचा म्हणजे वजन येतं आणि घोट्यापासून वर हळूहळू सरकायचं, जिथे गाठ लागते तिथे थांबून श्वास सोडायचा. एका पायाला मिनिटभर पुरे. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात मात्र दाबायचं नाही, तिथे नसा आणि रक्तवाहिन्या असतात. मांडीच्या पुढच्या बाजूलाही छान चालतो, पालथं झोपून.

हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, तेवढी मजा नाही, सगळं वजन हातांवर येतं आणि दाब पडतच नाही. मी ओट्यावर बसून मांडीखाली रोलर घेते, मग बरा लागतो. आणि स्प्रिंटमध्ये खरा मार तिथेच बसतो, कारण पाय पुढे झेपावतो तेव्हा तो जमिनीला टेकायच्या आधी त्याला ब्रेक लावायचं काम हा स्नायू ताणलेला असतानाच करतो. त्यानेच बारीक इजा होते आणि दुखणं एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं. ग्राउंडवर सगळे म्हणतात लॅक्टिक ॲसिड साचलंय, रोलरने काढ. अहो ते तर पळून झाल्यावर तासाभरात जवळपास निघून गेलेलं असतं, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही!

म्हणूनच सांगते, रोलरने दुखणं कमी वाटतं, पाय मोकळे होतात, पण स्नायू भरून यायचा तो वेळेनेच. दोन फुल स्पीडच्या दिवसांमध्ये निदान 48 तास ठेवते, मधल्या दिवशी हलकं जॉगिंग नाहीतर गोळाफेक. झोप पूर्ण आणि जेवणात प्रोटीन, वजनाच्या किलोमागे दिवसाला दीड ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अंडी, सोयाबीन, डाळ, दही धरून जमवायचं. आणि हॅमस्ट्रिंग मजबूत करायला नॉर्डिक नावाचा व्यायाम, गुडघ्यावर बसायचं, मैत्रीण घोटे धरते आणि सावकाश पुढे झुकायचं. पहिल्या आठवड्यात जीव जातो, म्हणून कमी वेळा करून सुरुवात करा, पण हॅमस्ट्रिंगच्या दुखापती यानेच कमी होतात, रोलरने नाही.

पळताना मांडीच्या मागे अचानक कळ आली, काळंनिळं पडलं किंवा एकाच जागी टोचल्यासारखं दुखतंय तर रोलर लावूच नका प्लीज, आधी डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा. आमच्या ग्राउंडवर एका मुलीने ताणलेल्या मांडीवर जोर लावून घासलं, दुखणं वाढलं आणि किती दिवस ती बसून होती, फार वाईट वाटलं.

क्वालिटी ठीक आहे, आकार अजून बसला नाही. उंचवट्यांच्या फटीत ग्राउंडची माती जाऊन बसते, ओल्या फडक्याने पुसावी लागते. घेताना 45 सेंटीमीटरचा घ्या, 33 वाला आणला तर दोन्ही मांड्या एकदम नीट मावत नाहीत. आणि नवीन असाल तर गुळगुळीत मऊ घ्या, उंचवट्यांचा सुरुवातीला फार टोचतो.